पाण्याखालचा उसना श्वास

मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला अथवा गोव्याला जाऊन आलेले आपले तरुण अलीकडे एक नवाच अनुभव सांगू लागले आहेत. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून आणि तोंडात रबरी नळी धरून ते समुद्राच्या तळाशी जाऊन आलेले असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात काय, किंवा मुरगावजवळच्या ग्रांदे बेटापाशी काय, अशी बुडी मारण्याची सोय आता झालेली आहे. हातभर अंतरावरून मासे कसे जातात, प्रवाळ कसे दिसते, हे ती मुले मोठ्या उत्साहाने सांगतात, आणि घरातील आजी मात्र कपाळावर हात मारून म्हणते, "अरे, पण श्वास कसा घेतलास?"

आजीबाईंचा प्रश्न साधा आहे. परंतु या विद्येचे सारे मर्म त्यातच साठवलेले आहे. या साधनाला 'स्कूबा' म्हणतात. काही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले असून, 'पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन' असा त्याचा अर्थ होतो. स्वयंपूर्ण, म्हणजे ज्याला वरून दोर नको, नळी नको, कोणाचा हात नको. या विद्येच्या इतिहासातील काही रोमहर्षक आणि अविस्मरणीय क्षण वाचकांपुढे ठेवावेत, असा आजचा हेतू आहे. ते वाचल्यावर 'स्वयंपूर्ण' हे विशेषण कितपत खरे, हे वाचकांनीच ठरवावे.

दोर धरणारा हात

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले आणि त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्याकडे निघून गेले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या किनाऱ्यावरचे परवर लोक समुद्रात बुडी मारून शिंपले काढीत. त्यांच्याजवळ ना मुखवटा होता, ना हवेचा साठा. जड दगडाच्या आधाराने पाणबुड्या तळाशी उतरे, छातीत भरून घेतलेल्या एका श्वासावर मिनिटभर, फार तर त्याहून थोडा अधिक वेळ शिंपले गोळा करी आणि दोराला हिसका देई. होडीतला त्याचा जोडीदार त्याला वर ओढून घेई. हा दोर पाणबुड्याच्या मेहुण्याच्या हाती देण्याची रीत होती, असे सांगतात. कारण आपली बहीण विधवा व्हावी असे कोणत्या भावाला वाटेल? ही रीत ऐकून हसू येते खरे. पण तीत केवढे शहाणपण आहे!

पुढे एकोणिसाव्या शतकात धातूचे शिरस्त्राण आणि शिशाचे जोडे घालून उतरणारे पाणबुडे आले. त्यांना वरून पंपाने हवा पुरवावी लागे. हवेची नळी जेवढी लांब, तेवढेच त्यांचे जग. तळावर ते चालू शकत, पण पोहू शकत नसत. माशासारखे मोकळेपणाने विहरण्याचे मानवाचे स्वप्न तसेच राहिले होते.

जून १९४३

ते स्वप्न प्रत्यक्षात आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत. झाक-ईव्ह कुस्तो हा फ्रेंच आरमारातील अधिकारी. त्याला वैमानिक व्हावयाचे होते; परंतु १९३६ साली मोटारीच्या अपघातात त्याचे हात मोडले आणि ती वाट बंद झाली. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून तो तुलाँच्या समुद्रात पोहू लागला. एका मित्राने दिलेला पाण्यातला चष्मा लावून त्याने डोके पाण्यात घातले आणि खालचे जग पाहून तो चकित झाला. दैव एक दार बंद करते तेव्हा दुसरे उघडते, असे आपण म्हणतो, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

जर्मनांच्या अमलाखालील फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता. मोटारी लाकडाच्या अथवा कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागत. आपल्याकडेही युद्धकाळी अशा मोटारी धावत, हे जुन्या पिढीने ऐकले असेल. मोटारीला लागेल तेवढाच वायू सोडणारी एक झडप एमिल गान्यां या अभियंत्याने पॅरिसमध्ये तयार केली होती. १९४२ च्या डिसेंबरात कुस्तो त्याला भेटला आणि मोटारीऐवजी माणसाला लागेल तेवढाच वायू देणारी झडप दोघांनी मिळून बनविली. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरावर जो रेग्युलेटर असतो, त्याचाच हा दूरचा भाऊबंद म्हणावा. फरक इतकाच, की पाणबुड्याचा रेग्युलेटर श्वास ओढताच उघडतो, श्वास थांबताच मिटतो आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा छातीत सोडतो.

पहिली परीक्षा मार्न नदीच्या थंडगार पाण्यात झाली. कुस्तो आडवा पोहे तोवर सारे ठीक चाले. पण उभा राहिला की हवा भसाभस बाहेर पडे आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड जाई. हवा बाहेर पडण्याचे तोंड आणि आत येण्याची झडप यांच्या उंचीत थोडासा फरक राहिला होता, एवढाच तो दोष. तो दूर झाला आणि १९४३ च्या जून महिन्यात दक्षिण फ्रान्समधील बांदोल गावाजवळच्या एका खाडीत कुस्तो सिलिंडर पाठीवर घेऊन उतरला. त्याची पत्नी सिमोन पृष्ठभागावर तरंगत, पाण्यात डोळे लावून त्याच्यावर नजर ठेवून होती. काही विपरीत घडले तर धाव घेण्यासाठी फ्रेडरिक द्युमा हा मित्र किनाऱ्यावर सज्ज होता.

कुस्तो खाली गेला. त्याने श्वास घेतला; हवा आली. सोडला; बुडबुडे वर गेले. कोलांटी मारली, उलटा झाला, एका बोटावर तोल सांभाळून डोके खाली केले, तरी हवा येतच राहिली. सुमारे अठरा मीटरांवर एका कपारीत त्याला शेवंडे दिसली. ती धरून त्याने वर पत्नीच्या हाती दिली. युद्धाच्या उपासमारीत त्या शेवंडांचे मोल काय असेल, हे निराळे सांगावयास नको. दोराशिवाय, वरच्या पंपाशिवाय मनुष्य समुद्रात मुक्तपणे विहरू लागला तो असा. परंतु वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा, की त्या 'स्वयंपूर्ण' बुडीच्या वेळी एक जण पाण्यावर आणि एक जण किनाऱ्यावर पहारा करीत होता.

खोलीची धुंदी

समुद्र आपले सौंदर्य दाखवितो, तसेच आपले नियमही शिकवितो. दर दहा मीटरांना, म्हणजे सुमारे सहा पुरुष खोलीला, पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तीस मीटरांवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. म्हणून तेथे सिलिंडरमधील हवा चौपट वेगाने संपते. लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो; खोल पाण्यात बोट कापले तर रक्त हिरवट दिसते. आवाज पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कोठून आला हेच कळेनासे होते. ज्या ज्ञानेंद्रियांवर आपण विश्वासतो, तीच तेथे साक्ष फिरवितात.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे बुद्धीच दगा देते. दाबाखालच्या हवेतील नायट्रोजन माणसाला मद्यासारखा चढतो. १९४३ च्या ऑक्टोबरात द्युमा एका गाठी मारलेल्या दोराच्या बाजूने खाली उतरला. जेथपर्यंत पोहोचेल तेथे कमरेचा पट्टा दोराला बांधून यावयाचे, असे ठरले होते. खाली त्याला विलक्षण आनंद वाटू लागला, कशाचीच फिकीर उरली नाही. वर आल्यावर तो खिन्न झाला. आपण शंभर फूटसुद्धा गेलो नसू, अशी त्याची समजूत होती. दोर ओढून पाहतात तो पट्टा २१० फुटांवर बांधलेला! खोलीचा आकडा दोराने खरा सांगितला, बुद्धीने नव्हे.

चार वर्षांनी याच मंडळींना त्याची जबर किंमत मोजावी लागली. १९४७ च्या सप्टेंबरात मोरीस फार्ग हा त्यांचा सहकारी दोराला ठिकठिकाणी बांधलेल्या पाट्यांवर सही करीत खाली उतरला. 'सर्व ठीक' अशा अर्थाचे दोराचे हिसके वर येत होते. मग ते थांबले. साथीदारांनी दोर भराभर वर ओढला. पण फार्गच्या तोंडातील नळी निसटलेली होती आणि प्राण गेलेला होता. त्याची सही सुमारे १२० मीटरांवरील पाटीवर सापडली. हवेवर बुडी मारणाऱ्याने कोठे थांबावे, हा धडा एका मित्राच्या मरणाने लिहिला गेला. आज हौशी पाणबुड्यांना चाळीस मीटरांपलीकडे न जाण्याविषयी बजावतात, त्यामागे असे इतिहास आहेत.

वर येताना तर आणखी सावधपण हवे. दहा मीटरांवर फुगा भरून वर आणला तर तो दुप्पट होतो, छातीचेही तसेच. म्हणून 'श्वास कधीही कोंडून धरू नये' हा पाणबुड्याचा पहिला नियम होय. दुसरा नियम असा, की सावकाश वर यावे, पृष्ठभागाच्या अलीकडे पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे. नाहीतर अंगात विरघळलेला नायट्रोजन सोड्याच्या बाटलीतील फेसासारखा उसळून सांध्यांत आणि मज्जातंतूंत शिरतो. आणि तिसरा नियम, एकट्याने कधीही उतरू नये. हवा संपली तर पाणबुड्या गळ्यावरून आडवा हात फिरवितो. ती खूण पाहताच जोडीदाराने आपल्या सिलिंडरची जादा नळी त्याच्या तोंडी द्यावयाची असते. ज्यांनी हा प्रसंग अनुभवला, त्यांच्या लेखी शार्क पाहिल्याचा थरार त्यापुढे फिका पडावा. दुसऱ्याच्या पाठीवरचा श्वास आपल्या छातीत येतो, तो क्षण कोण विसरेल?

सतरा मीटरांवरील ख्रिस्तमूर्ती

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, कामोली आणि पोर्तोफिनो या गावांच्या दरम्यान, सान फ्रुत्तुओसो नावाची एक छोटी खाडी आहे. काठावर एक जुना मठ आहे. इटलीतील आरंभीच्या पाणबुड्यांपैकी दारिओ गोन्झात्ती हा १९४७ साली याच पाण्यात बुडी मारताना मरण पावला. त्याचा मित्र द्युलिओ मार्कांते याच्या मनाला ते मरण लागून राहिले. समुद्रात गेलेल्यांची समाधी जमिनीवर कोठे बांधावयाची? त्यांचे स्मारक तेथेच, पाण्याखाली असावे, आणि ते प्रभू येशूचे असावे, ही कल्पना त्याची.

गुइदो गाल्लेत्ती या शिल्पकाराने सुमारे अडीच मीटर उंचीची मूर्ती घडविली. तिच्यासाठी लागलेल्या काशात लोकांनी दिलेली पदके होती, जहाजांच्या घंटा होत्या. ज्यांचे आप्त समुद्राने नेले त्यांनी आपल्या आठवणीच वितळविण्यास दिल्या म्हणा ना! २२ ऑगस्ट १९५४ रोजी ती सुमारे सतरा मीटर, म्हणजे दहा पुरुष खोल पाण्यात तळावर उभी करण्यात आली.

या मूर्तीची ठेवण पाहण्यासारखी आहे. क्रुसावरील ख्रिस्ताचे हात आडवे पसरलेले असतात. हिचे दोन्ही हात वर उचललेले आहेत आणि मुख पृष्ठभागाकडे वळलेले आहे. वरून उतरणाऱ्या पाणबुड्याला प्रथम दिसतात ते हे वर आलेले दोन हात. अंधूक निळ्या पाण्यातून कोणी आपल्याला झेलण्यासाठी उभे आहे, असा भास होतो. दरवर्षी जुलैच्या अखेरीस रात्री तेथे विधी होतो आणि पाणबुडे खाली जाऊन मूर्तीच्या चरणी लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवतात. नांगराच्या आघाताने मूर्तीचा हात तुटला, तेव्हा २००३ साली तिला वर काढून डागडुजी केली आणि २००४ साली पुन्हा जागेवर उभी केली.

या मूर्तीची एक प्रतिकृती वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावर आहे. १९६१ साली तेथील बंदराबाहेर 'बियांका सी' या इटालियन जहाजास आग लागली, तेव्हा बेटावरील लोकांनी आपल्या लहानमोठ्या होड्या घालून शेकडो प्रवाशांना वाचविले. त्या उपकारांची आठवण म्हणून ती मूर्ती दिली गेली. पाणबुड्यांचे स्मारक अशा रीतीने वाचविणाऱ्यांचेही स्मारक झाले.

गुहेतील तेरा जण

आता आपल्या स्मरणातील प्रसंग. २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या चिआंग राय प्रांतातील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा तरुण फुटबॉल प्रशिक्षक शिरले. मुले अकरा ते सोळा वर्षांची. पाऊस कोसळला, गुहेत पाणी भरले आणि परतीची वाट बुडाली. नऊ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले. आपल्याकडेही घरोघरी त्या मुलांसाठी प्रार्थना झाल्या असतील.

२ जुलैच्या रात्री रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थन हे दोन ब्रिटिश पाणबुडे गढूळ पाण्यातून, हाताने चाचपडत, पुढे पुढे दोर बांधीत गेले. एका पोकळीत डोके वर काढताच विजेरीच्या उजेडात उंचवट्यावर बसलेली मुले दिसली. तुम्ही किती जण, असे विचारताच इंग्रजी जाणणाऱ्या एका मुलाने उत्तर दिले, तेरा. म्हणजे सारेच जिवंत! पाणबुड्यांच्या इतिहासात याहून रोमांचकारी क्षण शोधू जाता सापडणे कठीण.

परंतु सापडणे निराळे आणि सुटणे निराळे. मुलांना बुडी मारता येत नव्हती. गुहेतील प्राणवायू कमी होत चालला होता आणि पावसाळा तर आताच लागला होता. पाणी उपसण्याचे काम रात्रंदिवस चालले. या कामी सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही तेथे गेले होते. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावात सायकलींच्या दुकानाने आरंभ केला, त्यांच्याच उद्योगाचे हे लोक; म्हणून आपल्या भागाला त्याचे विशेष कौतुक. ६ जुलै रोजी थाई आरमाराचे माजी जवान समन गुनान हे वाटेत हवेचे सिलिंडर ठेवून परत येताना पाण्यातच बेशुद्ध पडले आणि मरण पावले. इतरांसाठी हवा पोहोचवून येणाऱ्याचा स्वतःचा श्वास संपला! मित्रांसाठी प्राण देण्यापरते मोठे प्रेम नाही, हे प्रभूने शिकविले. त्या प्रेमाला जात, देश आणि धर्म यांच्या सीमा नसतात, हे या बौद्ध जवानाने दाखविले.

शेवटी एक असा उपाय योजला गेला, की तो ऐकूनच अंगावर काटा यावा. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर रिचर्ड हॅरिस हे भूल देण्यात निष्णात आणि स्वतः गुहांत बुडी मारणारे. पाण्याखाली मूल घाबरले तर ते स्वतःही मरेल आणि वाचविणाऱ्यालाही मारील. म्हणून मुलांना गाढ झोपवून न्यावे असे ठरले. भुलीचे औषध दिले, तोंडावर संपूर्ण मुखवटा बसविला, धडपडीत मुखवटा निघू नये म्हणून हात बांधले आणि एकेक पाणबुड्या एकेका मुलाला घेऊन अंधाऱ्या पाण्यातून निघाला. औषधाचा अंमल उतरू लागला की वाटेत पाणबुड्यानेच पुन्हा सुई टोचावयाची. ८ जुलैला चार, ९ जुलैला चार आणि १० जुलैला पाच, असे तेराही जण बाहेर आले. हॅरिस गुहेबाहेर आले, तोच त्यांना आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. बेरुत पाकबारा या थाई आरमाराच्या दुसऱ्या जवानास या मोहिमेत रक्तदोष जडला आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याचाही अंत झाला.

विचार करा. ती मुले झोपलेली होती. मुखवटा घट्ट आहे की नाही, हवा येते की नाही, दोर हाती आहे की सुटला, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा प्रत्येक श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी सांभाळण्यात होता. 'स्वयंपूर्ण' म्हणून जे साधन जन्मास आले, त्याची सर्वांत मोठी कीर्ती झाली ती स्वतःसाठी काहीही करू न शकणाऱ्यांना तारून नेताना.

आपल्या विहिरीच्या काठी

आपल्यातील बहुतेकांना समुद्राच्या तळाशी जाण्याचा योग येणार नाही. ज्यांना येईल त्यांनी दमा, सर्दी, कानाचे दुखणे लपवून उतरू नये, शिकविणाऱ्याचे ऐकावे आणि वर सांगितलेले तीन नियम मोडू नयेत. पण विहीर, तळे, नदी आणि पाणी साठलेली दगडाची खाण ही तर प्रत्येक गावात आहेत. सुट्टी आली की एखाद्या घरातील मूल एकटेच पोहावयास जाते आणि मग चर्चची घंटा भलत्याच वेळी वाजते. धर्मगुरूला कराव्या लागणाऱ्या कामांत लहान शवपेटीपुढे उभे राहण्याइतके जड काम दुसरे नाही.

म्हणून आईबापांना विनंती एवढीच, की मुलांना पोहणे शिकवा. पण एकट्याने पाण्यात न जाण्याचा नियम त्याच्याही आधी शिकवा. विहिरीच्या काठी एक मजबूत दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब कायम ठेवा. कोणी बुडू लागले, तर ज्याला वाचविण्याचे शिक्षण नाही त्याने उडी घेऊ नये. दोर टाकावा, ट्यूब फेकावी, मोठ्याने हाक मारावी. एकामागून एक उड्या घेऊन एकाच घरातील दोघे-तिघे गेल्याचे प्रसंग आपण ऐकतोच.

मोत्यांच्या किनाऱ्यावरील त्या परवर पाणबुड्याला हे सारे चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. खाली कितीही सुंदर शिंपले असोत, वर दोर धरणारा कोण, याची खात्री करून घेतल्यावाचून तो उडी घेत नसे.